इंगळे सिस्टरची बाभूळ

बाभळीच्या ओंडक्याला कुणी स्टेथोस्कोप लावलेला तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय. आमच्या चिखलीत, सलीमभाईंच्या आरागिरणीत, दिवसाढवळ्या. लावणाऱ्या बाई म्हणजे इंगळे सिस्टर, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका आणि माझ्या भिंतीला भिंत असलेल्या शेजारी. मी बाजार समितीत कारकून. त्या दिवशी सुटी होती आणि “जोशीभाऊ, जरा ओंडकं धराले चाला” एवढ्यावर मी चपला घालून त्यांच्यामागे निघालो होतो. सिस्टर ओंडक्याशी उकिडव्या बसल्या. एका टोकावर मला टिचक्या मारायला लावल्या आणि दुसऱ्या टोकाला स्टेथोस्कोप लावून डोळे मिटले. सलीमभाईंनी आरा बंद केला. गिऱ्हाइकंही गप्प झाली.

“अरे सिस्टर, लकडी है वो,” शेवटी सलीमभाईंना राहवेना, “तिले काय दमा होते का?”

“आतून पोकळ हाय,” सिस्टरनी निकाल दिला. “दुसरं दाखवा.”

सलीमभाई इरेला पेटले. त्यांनी तोच ओंडका आऱ्यावर चढवला आणि उभा चिरला. आतून तो नारळाच्या खोबऱ्यासारखा भरीव निघाला. गिरणीत हशा पिकला. मला वाटलं, आता बाई ओशाळतील. पण त्यांचा चेहरा असा खुलला की जणू त्यांचंच बरोबर निघालं होतं.

“अस्सं! मंग तो आवाज कायचा होता?” असं म्हणून त्यांनी चिरलेल्या दोन्ही फाळक्यांवर पुन्हा टिचक्या मारायला सुरुवात केली. आम्ही तिथून निघालो तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती.

सिस्टर अशा होत्या. चूक निघाली की त्यांना नवा प्रश्न मिळायचा, आणि प्रश्न मिळाला की त्यांची तहानभूक हरपायची. दवाखान्यात म्हणे तरुण डॉक्टर त्यांना टरकून असत. “सर, ही गोळी काऊन?” असं त्या अगदी नम्रपणे विचारायच्या, आणि उत्तर मिळाल्याशिवाय ट्रे घेऊन तिथून हलायच्या नाहीत.

या बाभळीच्या उद्योगाचं मूळ मोबाइलवरच्या एका व्हिडिओत होतं. कुठल्याशा थंड देशातलं एक म्हातारं जोडपं ओक नावाच्या झाडाच्या लाकडाचं घर उभारत होतं. त्यात एकही खिळा नव्हता. एका लाकडाला खाच, दुसऱ्या लाकडाच्या टोकाला तिच्यात नेमकं बसणारं कुसू आणि दोन्हींतून आरपार ठोकलेली लाकडी खुंटी, बस. सिस्टर तो व्हिडिओ आवाज बंद करून बघत. भाषा कळत नाही म्हणून का, असं मी विचारलं.

“आवाज कायले पाह्यजे? ऑपरेशनच्या टायमाले डॉक्टर कुठं गप्पा मारते? हात पाह्याचे.”

“आणि हे घर बांधून तुम्ही करणार काय?”

“घर नाई बांधत बाप्पा. नुसता सांगाडा. चार खांब, वरतं तुळया. मंग टिनं टाकीन आन् खाली खुर्ची टाकून बसीन.”

“त्याला लोखंडी अँगल स्वस्त पडतील.”

“अँगल कसा उभा रायते ते मले मालूम हाय,” त्या म्हणाल्या. “हे कसं उभं रायते ते मालूम नाई.”

यापलीकडे त्यांनी कधी कारण दिलं नाही, आणि मीही पुढे विचारणं सोडून दिलं.

पहिली अडचण ओकची. हे झाड आपल्याकडे नाही एवढं कळल्यावर त्याचा इथला भाऊबंद कोण, याचा त्यांनी शोध लावला, आणि तोही दवाखान्याच्या पद्धतीनं. व्हिडिओतलं लाकूड दोघांनाही उचलता येत नव्हतं, म्हणजे जड. त्यावर पटाशी टणकन वाजत होती, म्हणजे कठीण. ओल्या लाकडावर लोखंडी हत्यार राहिलं तिथं निळा-काळा डाग पडला होता. इथं सिस्टरनी व्हिडिओ थांबवला आणि मला हाक मारली. “हा डाग मी पाह्यलेला हाय. आमच्या गावाले, ओल्या बाभळीवर. कुऱ्हाड विसरली की असाच डाग पडे.” सोनाळ्याकडच्या जंगलात नोकरी केलेल्या त्यांच्या भाच्यानं फोनवर आणखी भर घातली, की कातडी कमवायला तिकडे ओकची साल वापरतात आणि इकडे बाभळीची. झालं. “सगळी लक्षणं जुळली,” सिस्टर म्हणाल्या. ओक म्हणजे तिकडची बाभूळ, असं निदान पक्कं झालं.

दुसरी अडचण हाताची. पन्नाशीत आलेल्या माझ्या बायकोनं आजवर भिंतीत एक खिळा ठोकला नाही, आणि या तर साठी ओलांडलेल्या. पण नर्सिंगच्या शाळेत इंजेक्शन आधी संत्र्याला द्यायला शिकवतात, म्हणे. त्या हिशोबानं सिस्टरनी धुण्याच्या साबणाच्या वड्या आणल्या. वडीला खाच, दुसऱ्या वडीला कुसू. जमलं की हलवून पाहायचं, मोडलं की दुसरी वडी घ्यायची. एकदा माझी बायको त्यांच्याकडे हात धुवायला गेली आणि हातात साबणाचा एक इवलासा दरवाजा घेऊन बाहेर आली. “अहो सिस्टर, हा लावू का उघडू?” तिनं विचारलं. पुढचे कितीतरी महिने आमच्या दोन्ही घरचे कपडे त्या भोकाभोकांच्या वड्यांनीच धुतले गेले.

साबणावरून त्या लाकडावर आल्या तेव्हा परसात ठोकाठोक सुरू झाली. नाकावर चष्मा, नऊवारी नव्हे पण तशीच खोचलेली सुती साडी, आणि दवाखान्यातली शिस्त जशीच्या तशी. हत्यारं एका स्टीलच्या ट्रेमध्ये ओळीनं मांडलेली. काम संपलं की ती पुसून कापडात गुंडाळायची. मला मदतीला बोलावलं की हात पुढे करून नुसतं म्हणायच्या, “पटाशी.” मी चुकून काटकोन बघायचा गुण्या दिला तर माझ्याकडे अशा बघायच्या की मी एखाद्याच्या पोटात कैचीच विसरलोय. आठवड्यातून एकदा सलीमभाईही डोकवायचे. त्यांचा सगळा जन्म लाकडं चिरण्यात गेला होता, पण असे सांधे त्यांनीही केले नव्हते. तेव्हा आम्ही तिघंही सारखेच अडाणी, त्यातल्या त्यात सिस्टरनी व्हिडिओ जास्त वेळा पाहिलेला.

सांगाडा उभा करायचा दिवस ठरला तो थंडी सरता सरता. कॉलनीतली झाडून सगळी गडीमाणसं आली. सिस्टरचा मुलगा प्रशांत पुण्याहून आला. तो तिथं एका कंपनीत माल तपासण्याच्या खात्यात आहे, साहेब आहे, आणि बोलतो एकदम पुण्याचं. त्यानंही बाह्या सरसावल्या. “तोंडं बंद, हात चालू,” सिस्टरनी हुकूम सोडला. दोर ओढले, खांब उठले, तुळई वर गेली. कुसू खाचेत शिरताना कर्र असा आवाज झाला आणि सगळ्यांनी दोर आणखी घट्ट धरले. मग सिस्टर शिडीवर चढल्या. आम्ही नको नको म्हणत असताना चढल्या, आणि त्यांनी मोगरीनं पहिली खुंटी ठोकली. शेवटची खुंटी ठोकून झाल्यावर त्या खाली उतरल्या आणि खांबाला दोन्ही हातांनी ढकलून पाहिलं. हलला नाही. पुन्हा ढकलून पाहिलं. मग त्या खांबाला पाठ टेकून इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं.

चहाच्या वेळी प्रशांतनं विषय काढला. तो दर खेपेला काढतच असे.

“आई, छान झालं हे. खरंच. पण आता पुण्याला चल. गेल्या वर्षी तू बाथरूममध्ये पडलीस, दोन तास कुणाला पत्ता नव्हता. मला ऑफिसात बसवत नाही.”

पोराचं काही चुकत नव्हतं. सिस्टरनाही ते ठाऊक होतं. पण पुण्याच्या फ्लॅटमध्ये त्या एकदा पंधरा दिवस राहून आल्या होत्या. “तिथं मले सगळे बस म्हणते. बस, बस, बस. कोनी उठ म्हणतच नाई,” असं त्यांनी परतल्यावर माझ्या बायकोला सांगितलं होतं.

त्यांनी कप खाली ठेवला. “आयक. आपण पैज लावू. हे उन्हाळाभर उभं राह्यलं, तर मी इथंच राहीन आन् तू पुन्हा विषय काढायचा नाई. नाई राह्यलं, तर येते मी. कायमची.”

“उभं राहणं म्हणजे नेमकं काय?” प्रशांतनं विचारलं. माल तपासणाऱ्या माणसाचा प्रश्न.

सिस्टर घरात गेल्या आणि एक जुना एक्स-रे घेऊन आल्या. त्यांच्याच गुडघ्याचा. त्यांनी त्याची फिल्म एका सांध्याच्या फटीवर टेकवली. ती आत शिरली नाही. दुसऱ्या सांध्यावर टेकवली, तिथंही नाही. सगळे सांधे दाखवून झाल्यावर त्या म्हणाल्या, “मिरग लागाच्या आत ये. ही फिल्म एका बी सांध्यात गेली, तर मी हारले.”

प्रशांत हसला आणि त्यानं हातावर हात मारला.

मग उन्हाळा लागला. आमच्याकडचा उन्हाळा काय असतो ते ज्यानं भोगलंय त्याला सांगायला नको. एप्रिलात एका दुपारी मी घरी जेवत असताना सिस्टरच्या परसातून फटाका फुटल्यासारखा आवाज आला. धावत गेलो. सिस्टर खांबापाशी उभ्या होत्या. खांबाला वरपासून हातभर उभी चीर गेली होती.

“सुकून राह्यलं,” त्या म्हणाल्या. “तिकडचे लोक बी ओलंच लाकूड वापरते. ते म्हणते, हळूहळू सुकते आन् सांधा अजून घट्ट बसते.” थोडं थांबून त्या म्हणाल्या, “पण त्यांचं ऊन कसं असते, ते व्हिडिओत दिसत नाई.”

दुसऱ्या दिवशी पाहतो तर चारही खांबांना जुन्या सुती साड्या गुंडाळलेल्या, आणि सिस्टर तांब्यानं त्यांवर पाणी घालतायत. ताप आलेल्या पोराच्या कपाळावर पट्ट्या ठेवाव्यात तसं चाललेलं. पट्टी वाळली की ओली करायची, पुन्हा वाळली की पुन्हा. सकाळ-दुपार-संध्याकाळ. पण पारा चढतच गेला. एक खांब पिळला. त्यानं तुळई ओढली, आणि त्या कोपऱ्यातलं कुसू खाचेतून वर सरकलं. लांबून बघणाऱ्याला काहीच कळलं नसतं. जवळून बघणाऱ्याला एक काळी रेघ दिसायची.

“लाकडाचा भुसा आणि डिंक,” सलीमभाईंनी सल्ला दिला. “ऐसा भरतो, तुमच्या बेट्याच्या बापाले समजनार नाही.” मीही दुजोरा दिला. खरं सांगतो, त्या जाऊ नयेत असं मला फार वाटत होतं. भिंतीपलीकडे ठोकाठोक नसलेली सकाळ मला नकोच होती.

सिस्टरनी आम्हां दोघांना चहा दिला आणि म्हणाल्या, “वरून टाके चांगले दिसले म्हणून आतला पस जाते काय?” विषय संपला.

पण त्यांचं डोकं चालूच होतं. हरण्याचं दुःख एकीकडे, आणि हे झालं का याचा विचार दुसरीकडे. दोन्ही एकाच वेळी चाललेलं मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहत होतो. मे महिन्यात एका सकाळी त्यांनी भिंतीवरून हाक मारली. आवाज असा की मला वाटलं पडल्याच.

“भाऊ! आठवलं! आमच्या डोणगावच्या बाजूच्या गावाले गाड्या बनवणारे सुतार होते. बाभळीचीच चाकं करत. ते लाकूड आधी पाण्यात टाकत. डोहात, दगडं ठेवून, दोन-दोन पावसाळे. काळं पाणी व्हायचं, अन् असा वास मारे की विचारू नका. वास येते म्हणून तो डोह गावच्या बाजूले नाई, आमच्या बुद्धवाड्याच्या बाजूले. आमी पोरं त्याच ओंडक्यांवरून पाण्यात उड्या मारो.” त्या थांबल्या. “साऱ्या जन्मात मी सगळ्यायले काऊन म्हणून विचारलं. डॉक्टरायले विचारलं, मास्तरायले विचारलं. पण ते लाकूड पाण्यात काऊन ठेवलं, हे एकदा बी विचारलं नाई. वास आमच्याकडे काऊन, एवढंच विचारलं.”

मग त्या म्हणाल्या, “आतला रस निंघून जात असन. मंग एकसारखं सुकते. निदान चुकलं माहं. लक्षणं तीच होती, पण पेशंटची जागा दुसरी होती.” आणि त्या चक्क हसल्या.

त्याच आठवड्यात त्यांनी सलीमभाईंकडून नवी बाभूळ चिरून आणली. पैज हरणार हे दिसत असताना. माझ्या थोरल्या भावाच्या शेतात पायऱ्यांची जुनी विहीर आहे. बोअर झाल्यापासून तिच्याकडे कुणी बघत नाही, पण पाणी असतं. भाऊ आधी कुरकुरला, मग सिस्टरनी त्याच्या आईच्या, म्हणजे आमच्याच आईच्या शेवटच्या आजारपणात किती रात्री काढल्या ते त्याला आठवलं, आणि तो स्वतः दोर घेऊन आला. ओंडके एकेक करून पाण्यात सोडले, वर दगड ठेवले.

प्रशांत आला. मृगाला थोडे दिवस होते. मी मुद्दाम कुंपणाशी रेंगाळलो होतो. सिस्टरनी काही न बोलता फिल्म त्याच्या हातात दिली. त्यानं पहिला सांधा तपासला, दुसरा तपासला. मग त्या कोपऱ्यात गेला. तिथं तो बराच वेळ आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. हात वर-खाली झाला. मग त्यानं फिल्म खाली घेतली.

“नाही जात, आई,” तो म्हणाला. “जिंकलीस तू.”

सिस्टर उठल्या, त्याच्या हातातून फिल्म घेतली, शिडीची एक पायरी चढून त्या कोपऱ्यात ती सरळ खुपसली. गुडघ्याचं हाड आत गेलं आणि फिल्म तिथंच लटकत राहिली.

“दिवसभर कंपनीत असाच माल पास करतोस काय बे?” त्या म्हणाल्या.

प्रशांतचा चेहरा लहान मुलासारखा झाला. “मले नाई न्यायचं तुले असं,” तो म्हणाला. पुण्याची भाषा कुठल्या कुठे गेली होती. “तू राह्य इथंच. मी येत जाईन.”

“शब्द म्हणजे शब्द. तो मोडला तर या सांध्यायले कोन्त्या तोंडानं नावं ठेवू?” त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तेव्हा मात्र त्यांचाच आवाज फाटला, आणि मी कुंपणापासून दूर झालो.

जाण्याआधी सिस्टरना बिघाड आतून पाहायचा होता, आणि खिळा नसल्यामुळे सांगाडा उतरवणं सोपं गेलं. खुंट्या उलट्या बाजूनं ठोकल्या, आणि महिनोन्‌महिन्यांचं काम एका सकाळीत जमिनीवर आलं. सिस्टर प्रत्येक सांधा सुटताना वाकून आत बघत होत्या, कुठं घासलंय, कुठं काळं पडलंय. बस स्टँडवर आम्ही सगळेच पोचवायला गेलो. सलीमभाईंनी रुमालात बांधून बाभळीच्या खुंट्या दिल्या. गाडी हलली तशी सिस्टरनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“जोशीभाऊ! आधी वास येईन. येऊ द्या. वास गेला की फोन करा!”

स्टँडवरची माणसं माझ्याकडे बघायला लागली.

वास आला, आणि काय वास आला! पाणी शाईसारखं काळं झालं. भाऊ मला शिव्या घालायचा. मी मात्र दर रविवारी मोटारसायकल काढून विहिरीवर जायचो. आधी सिस्टरसाठी जायचो, मग केव्हातरी माझ्याचसाठी जायला लागलो. पायऱ्या उतरायच्या, ओंजळीत पाणी घ्यायचं, हुंगायचं. घरी आल्यावर बायको मला ओट्याजवळ येऊ द्यायची नाही. फोनवर सिस्टरचे प्रश्न असत. वास आंबूस की कुजका? वरतं तवंग हाय काय? बुडबुडे येते काय? स्वतःबद्दल विचारलं की एवढंच म्हणत, “बसली हाय.” ते मला ऐकवत नसे.

एक पावसाळा गेला. विहीर भरली, ओसरली. दुसरा पावसाळाही सरला. मागच्या रविवारी मी गेलो, पाणी हुंगलं. पुन्हा हुंगलं. भावाला बोलावून हुंगायला लावलं. नुसतं पाणी. दगड सारून ओंडक्यावर नाक टेकवलं, तर ओल्या मातीचा वास. मी तिथंच पायरीवर बसून फोन लावला. हात ओले होते, चुकून व्हिडिओ कॉल लागला.

फोन प्रशांतनं घेतला, पण हातात नव्हे; तो समोर कशाला तरी टेकवून ठेवलेला होता. पुण्याच्या फ्लॅटची गच्ची दिसत होती, वाळत घातलेले कपडे, आणि खाली वर्तमानपत्रावर दोघं मायलेक समोरासमोर बसलेले. प्रशांतच्या एका हातात साबणाची वडी, दुसऱ्यात पटाशी. सिस्टरनी त्याचं मनगट धरलं होतं. सगळीकडे साबणाचा चुरा.

“बोला काका,” तो म्हणाला, वडीवरची नजर न काढता.

“गेला,” मी म्हणालो. “वास गेला.”

सिस्टरनी मान वर केली. केस आणखी पांढरे झाले होते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी काही विचारलं नाही. पहिल्यांदाच.

“आई, मंग चिखलीचं तिकीट काढू?” प्रशांत हळूच म्हणाला. “एकच काढू काय?”

सिस्टर पुन्हा वडीकडे वळल्या आणि त्याचं मनगट जरा तिरपं केलं.

“बाभळीची तुळई एका माणसाच्यानं उचलते काय बे?”